डोकं चालवायचं तर शरीर सांभाळा

मोबाईलवर पटापट डाव जिंकणारी पोरं आता प्रत्येक वस्तीत आहेत. तीच पोरं स्पर्धेच्या टेबलावर तिसऱ्या तासाला घोडा फुकट देऊन बसतात. मग घरचे म्हणतात, डोकंच कमी. आम्ही आरोग्याचं काम करणारी माणसं. आमचा पहिला प्रश्न असतो, रात्री झोपला किती? सकाळी खाल्लं काय?

हा खेळ आपल्यासाठी परका नाही. 2013 ची राष्ट्रीय प्रीमियर स्पर्धा जळगावातच झाली, कृष्णन शशिकिरण जिंकले. 1976 मध्ये 13 वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा विरोध झाला. प्रकरण कोर्टात गेलं. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी महिलांना अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. भांडल्यावर दार उघडलं. 2025 मध्ये नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

मोबाईल आणि पट यात फरक आहे. पटावर हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते. लांब डावात प्रत्येक चाल लिहावी लागते. फोन जवळ ठेवता येत नाही. म्हणून आठवड्यात एक तरी डाव खऱ्या पटावर, चाली लिहून, सावकाश खेळा. विहारात रविवारी दोन पट मांडले तरी पुरे. डाव संपल्यावर दोघांनी मिळून पुन्हा मांडा आणि कुठे चुकलं ते शोधा. खेळ सुधारतो तो इथेच. मोठ्या माणसांनीही हेच करावं, वयाची अट नाही.

आता शरीराचं.

झोप : स्पर्धेच्या आदल्या रात्री जागून ओपनिंग पाठ करू नका. मुलांना नऊ तास, मोठ्यांना सात तास झोप हवी.

खाणं : उपाशी बसू नका आणि वडापाव-कोल्ड्रिंकवर भागवू नका. सकाळी कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दोन डावांच्या मध्ये केळं, ते तर आपल्या जिल्ह्याचंच. बीपी-शुगरवाल्यांनी गोळी आणि जेवणाची वेळ चुकवू नये.

पाणी : आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली जवळच हवी. लघवीला जावं लागेल म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. आपली चाल करून, समोरच्याचं घड्याळ चालू असताना जाऊन या. पाळी असेल तर पॅड सोबत ठेवा, गरज पडली तर पंचांना सांगा. त्यात लाज कसली?

धडधड : छाती धडधडली, हात थरथरले की हात मांडीखाली घ्या. पाच श्वास सावकाश घ्या आणि सोडा. मगच चाल करा.

रेटिंगसाठी रेटेड खेळाडूंशी किमान 5 डाव व्हावे लागतात, आणि यादी 1400 पासून सुरू होते. म्हणजे पहिल्या एक-दोन स्पर्धांत नाव यादीत आलं नाही, तर काही बिघडलं नाही. हरून आलेल्या लेकराला "पैसे वाया गेले" म्हणू नका. आधी जेवू घाला. डाव दुसऱ्या दिवशी बघा.

आणि एक. मुलगा पटावर आणि मुलगी पाण्याच्या रांगेत, असं आपल्या घरात चालू आहे का? हंडा दोघांनी भरावा. पटावरही दोघांनी बसावं.