बायपासनंतर पुन्हा स्टेअरिंगवर बसताना...

बायपास शस्त्रक्रिया पार पडली, टाके सुकले, जिना चढतानाही दम लागत नाही. घरच्यांच्या दृष्टीने माणूस बरा झाला. मात्र तो ट्रक किंवा शाळेची बस चालविणारा असेल, तर खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. गाडी चालविताना त्याची शुद्ध अचानक हरपणार नाही ना?

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते 'नमुना १-अ' मध्ये द्यावे लागते. चालकाचा आजार लोकांना धोकादायक ठरण्याची शक्यता असल्यास परवाना नाकारावा, असे कायदा सांगतो. परंतु बायपासनंतर किती महिने थांबावे आणि कोणत्या तपासण्या कराव्यात, हे त्यात नाही. तो निर्णय प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरच्या तारतम्यावर सोडलेला आहे.

ब्रिटनमध्ये ही मोजपट्टी काटेकोर आहे. तेथे बायपासनंतर खासगी मोटार चार आठवड्यांनी चालविता येते. बस व ट्रकचालकाला किमान तीन महिने थांबावे लागते. ताशी शेकडो टनांचा नसला, तरी कित्येक टनांचा भार आणि दिवसभराचे ड्रायव्हिंग, हे या फरकामागचे कारण. त्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता, म्हणजे 'इजेक्शन फ्रॅक्शन', किमान ४० टक्के असावी लागते. 'टूडी इको' तपासणीत ती कळते. ट्रेडमिलवर नऊ मिनिटेही पूर्ण करावी लागतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब घसरणे किंवा ईसीजीत चिंताजनक बदल दिसल्यास चालक अपात्र ठरतो. औषधांनी दोष झाकला जाऊ नये, म्हणून छातीदुखीवरील औषधे ४८ तास आधी थांबविण्याचा दंडक आहे. (अर्थात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.)

हृदयाइतकेच छातीच्या हाडाकडेही लक्ष द्यावे लागते. शस्त्रक्रियेत कापलेले हे हाड तारेने बांधतात आणि ते जुळून यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड स्टेअरिंग ओढणे किंवा मालावरचे दोर आवळणे घातक ठरू शकते.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. म्हणजे नूतनीकरणाच्या दुसऱ्याच वर्षी बायपास झाली, तर पुढचे प्रमाणपत्र देण्याची वेळ तीन वर्षांनी येणार. शंका आल्यास परवाना अधिकारी मध्येच नवे प्रमाणपत्र मागू शकतो, तशी तरतूद कलम १६ मध्ये आहे. पण ट्रकचे हप्ते डोक्यावर असलेला चालक स्वतःहून आरटीओकडे जाईल, ही अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल.

निदान त्याने हृदयरोगतज्ज्ञाला आपण नेमके कोणते वाहन, किती तास आणि रात्री चालवितो का, हे सांगावे. डिस्चार्ज कार्डावरील 'हलके काम करण्यास हरकत नाही' या शेऱ्यात दहाचाकी ट्रक बसत नाही.