जपानी भुतांच्या चित्रकथा

भुताची गोष्ट ऐकतांना अंगावर कांटा उभा राहतो, तरी ती अर्ध्यावर सोडवत नाहीं, हा अनुभव कोणास नाहीं? भय ही नकोशी भावना. मग तीच आपण हौसेनें कां मागून घेतों? जपानांतील ‘मांगा’ नांवाच्या चित्रकथा पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचा पुष्कळसा उलगडा होतो.

जपानांत भुतांच्या गोष्टींचा हंगाम उन्हाळा हा होय. याच ऋतूंत ‘बोन’ नांवाचा सण येतो व त्या वेळीं मृत पूर्वज घरीं भेटीस येतात, अशी तेथील समजूत आहे. एदो काळांत (१६०३ ते १८६८) मंडळी रात्रीं जमून शंभर दिवे लावीत. एक गोष्ट संपली कीं एक दिवा मालवावयाचा. शेवटचा दिवा मालवतांच कांहींतरी अद्भुत घडतें असें मानीत. अंधार असा पायरीपायरीनें वाढविण्याची युक्ति चित्रकथांतही दिसते. पानाच्या अखेरीस मुलगा बंद दाराला हात लावतो. दारामागें काय आहे, तें पान उलटल्यावांचून कळत नाहीं. परंतु पान उलटणारा हात वाचकाचाच असतो. वाटेल तेव्हां पुस्तक मिटतां येतें, म्हणूनच या भयांत गोडी आहे.

मात्र केवळ दचकविणें हा या कथांचा प्राण नव्हे. जपानी कथांतील भूत पुष्कळदां अन्यायांतून जन्मतें. एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथें १८२५ सालीं ‘योत्सुया काइदान’ हें नाटक रंगभूमीवर आलें. त्यांतील ओइवा या स्त्रीचा चेहरा विषानें विद्रूप होतो, पति तिला दगा देतो, आणि मेल्यावर ती त्याचा पिच्छा पुरविते. आपण भितों ओइवेला, पण आपल्याला चीड येते ती तिच्या पतीची. हीच परंपरा पुढें चित्रकथांत उतरली.

शिगेरु मिझुकी (१९२२-२०१५) यांचें उदाहरण मननीय आहे. साकाइमिनातो या बंदराच्या गांवीं ते वाढले. तेथें एका वृद्धेनें त्यांस बालपणीं भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या महायुद्धांत न्यू ब्रिटन बेटावर त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या एका हातानें त्यांनीं कितारो हा भूतवंशांतील मुलगा चितारला. माणसें व भुतें यांच्यांत सलोखा राहावा म्हणून तो झटतो. ज्यांनीं खरें रणांगण पाहिलें, त्यांच्या भुतांत क्रौर्यापेक्षां विनोद अधिक आहे. साकाइमिनातोच्या रस्त्यावर आज त्या भुतांचे पुतळे उभे आहेत.

पालकांस एक विनंती आहे. सर्वच मांगा मुलांसाठीं नसतात. जुंजी इतो यांची १९८७ सालीं सुरू झालेली ‘तोमिए’ ही कथा इतकी बीभत्स आहे, कीं ती मोठ्यांनींच वाचावी. यास्तव पुस्तक आधीं स्वतः चाळावें. परंतु सरसकट बंदी घालूं नये. चोरून वाचलेलें भय मुलाच्या मनांत एकटेंच राहतें. शेजारीं बसून वाचलेल्या भयाविषयीं बोलतां येतें. अशा वेळीं मुलास एवढेंच विचारावें : या भुतावर अन्याय कोणीं केला, आणि तो वेळीच कोणास थांबवितां आला असता? आमच्या मतें, या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्या मुलाच्या हातीं हें पुस्तक निर्धास्तपणें द्यावें.