बुटातून आलेला कागद

रविवारी सकाळी अमेरिकेतून नातवाचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. सासूबाई आणि मी, दोघी एकाच मोबाइलवर वाकतो. मागच्या वर्षी असाच फोन आला आणि पोरगा सहज बोलून गेला, "आजी, आज मी चर्चमध्ये बास्केटबॉल खेळलो. खूप मजा आली."

सूनबाई मागून हसली. मी काही हसले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते.

आम्ही मूळचे निपाणीचे. हे मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नोकरीला लागले, म्हणून मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात बैहरला आलो आणि निवृत्तीनंतर इथंच घर बांधलं. सासूबाई कन्नड, मी मराठी, बाजारात हिंदी. मुलाला तिन्ही भाषा येतात. तो आता युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय म्हणून गाव आहे तिथं, संगणकाच्या कंपनीत आहे. शेजारीपाजारी बहुतेक मॉर्मन पंथाचे. त्यांच्या बऱ्याच प्रार्थनाघरांत बास्केटबॉलचं मैदानच असतं, आणि शेजारची पोरं सगळी तिथं खेळायला जातात.

"मॉर्मन म्हणजे कोण?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "ख्रिस्ती आहेत अत्ती, पण वेगळे. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही." अत्ती जरा विचारात पडल्या. "दारू नाही ते बरं. पण चहा नाही? मग पाहुणा आला की देतात काय?"

मी वाचायला लागले ते भीतीपोटी. आपल्या घरातलं पोर कुणाच्या घरात जातं, ते घर कसं आहे, एवढंच बघायचं होतं. पण त्यात भलतीच माणसं भेटली, युरोपच्या उत्तर टोकाची. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनची.

पंथाची हकीकत थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला नवीन चर्च स्थापन केलं. लोक जमले तसे शत्रूही जमले. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात तुरुंगात असतानाच जमावानं त्याला गोळ्या घातल्या. मग ब्रिगम यंगच्या मागून त्याचे अनुयायी पश्चिमेला निघाले आणि १८४७ च्या जुलैत खाऱ्या सरोवराच्या ओसाड खोऱ्यात पोचले. त्यांच्यात एकाहून जास्त बायका करण्याची चाल होती. १८५२ मध्ये त्यांनी ती उघड सांगितली आणि १८९० मध्ये जाहीरपणे सोडून दिली. एवढ्यावरून जगानं त्यांना पुष्कळ नावं ठेवली, अजूनही ठेवतं.

खोरं मिळालं, पण वस्तीला माणसं हवी होती. आणि त्यांची शिकवणच अशी होती की नुसता विश्वास ठेवून भागत नाही, श्रद्धाळूनं आपला गाव सोडून सगळ्यांबरोबर एका जागी येऊन राहायचं. धर्म घ्यायचा म्हणजे बोटीत बसायचं.

डेन्मार्कमध्ये १८४९ च्या जूनमध्ये नवी राज्यघटना आली आणि लोकांना धर्माचं स्वातंत्र्य मिळालं. बरोबर वर्षभरानं, जून १८५० मध्ये, इरॅस्टस स्नो हा मॉर्मन प्रचारक कोपनहेगनला उतरला. ऑगस्टच्या १२ तारखेला पहिल्या पंधरा जणांनी समुद्राच्या पाण्यात दीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी ग्रंथाचं डॅनिश भाषांतर छापून झालं. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत तो ग्रंथ पहिल्यांदा आला तो डॅनिशमध्ये, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. स्वीडन-नॉर्वेत मात्र कायदा आड आला. तिथं प्रचारकांना तुरुंगात टाकलं, देशाबाहेर घालवलं.

आणि लोक निघाले! १८५२ च्या डिसेंबरात सुमारे तीनशे माणसांची पहिली मोठी तुकडी कोपनहेगनहून निघाली, ती युटाला पोचली १८५३ च्या सप्टेंबरअखेर. नऊ महिने. बहुतेक माणसं साधी, शेतमजूर आणि कारागीर. चर्चनं प्रवासासाठी एक निधी काढला होता, त्यातून उसने पैसे घ्यायचे आणि तिकडे जाऊन कष्ट करून फेडायचे. १९०५ पर्यंत अशी तीस हजारांच्या आसपास माणसं स्कँडिनेव्हियातून युटाला गेली. त्यात निम्म्याहून जास्त डेन्मार्कची.

सगळी सुखरूप गेली असं नाही. १८५६ मध्ये बैलगाड्यांना पैसा पुरेना, तेव्हा माणसांनी हातगाड्या ओढत हजार मैलांवर वाट चालायची असं ठरलं. त्यातल्या दोन तुकड्या उशिरा निघाल्या. वायोमिंगच्या माळावर ऑक्टोबरातच बर्फ पडला आणि दोन्ही मिळून दोनशेहून अधिक माणसं वाटेत मेली. त्यात डेन्मार्कची कुटुंबंही होती. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस उघडलं नाही.

पण मनात घर केलं ते एका विधवेनं. ॲना विट्सो तिचं नाव, नॉर्वेच्या फ्रोया बेटावरची. नवरा शाळामास्तर, तो १८७८ मध्ये अचानक गेला. पदरात दोन लहान मुलगे. मुलांना शिकवायचं म्हणून ती ट्रॉनहाइम शहरात आली. थोरल्याचे बूट फाटले, ते तिनं एका चांभाराकडे दुरुस्तीला दिले. बूट परत आले ते नव्या तळव्यांसकट, आणि आत एकेक छापील कागद खुपसलेला. चांभार मॉर्मन होता! पुन्हा बूट, पुन्हा कागद. बाई शिकलेली, तिनं वाचलं, प्रश्न विचारले, भांडली. दोन वर्षं असं चाललं. शेवटी १८८१ मध्ये तिनं दीक्षा घेतली आणि १८८३ मध्ये मुलांना घेऊन युटाला गेली. तिथं कपडे शिवून संसार केला. थोरला मुलगा जॉन हार्वर्डला शिकला, जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आला आणि कमी पावसाच्या कोरडवाहू शेतीचा मोठा जाणकार झाला. त्यावरचं त्याचं पुस्तक १९११ मध्ये निघालं. पुढे तो युटाच्या विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, चर्चच्या बारा प्रमुखांतही बसला. आमच्या चिकोडी-अथणीकडच्या शेतकऱ्याला या माणसाशी बोलायला आवडलं असतं, धर्म बाजूला ठेवून.

हे सगळं मी अत्तींना कन्नडमधून सांगत होते. चांभाराची गोष्ट त्यांना फार आवडली. त्यांनी तीनदा सांगायला लावली.

याच वर्षी उन्हाळ्यात मी महिनाभर मुलाकडे जाऊन आले. शेजारच्या बाई सत्तरीच्या, मूळ डेन्मार्कच्या घराण्यातल्या. त्यांनी एक दिवस मला आणि सूनबाईला गाडीत घालून सॅनपीट म्हणून भाग आहे तिथं नेलं. इफ्रेम, मँटाय ही तिथली गावं. लोक त्याला 'छोटं डेन्मार्क' म्हणत असत. इफ्रेमला मे महिनाअखेर स्कँडिनेव्हियन जत्रा भरते. बाईंनी गंमत सांगितली. त्या लोकांत बापाच्या नावावरूनच आडनाव पडायचं, त्यामुळं गावात एकाच नावाचे अनेक जण. मग ओळखायला टोपणनावं ठेवली. मला आमच्या गल्लीतले पाच बाळू पाटील आठवले. गिरणीवाला बाळू, चष्म्याचा बाळू...

दुपारी त्यांच्या बहिणीकडे जेवलो. जेवण झालं आणि बाई उठताना म्हणाल्या, "ताक फॉर मॅ." मला वाटलं, यांना ताक हवंय! सूनबाईला तसं म्हणालेसुद्धा. मग कळलं, ती डॅनिश आहे, अन्नाबद्दल आभार. आपल्याकडे "ऊट आतेन्री?" म्हणतात तसं घरगुती बोलणं.

"आणखी काय येतं डॅनिश?" मी विचारलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "माझ्या आईला थोडं समजायचं. आजी बोलायची."

खरं म्हणजे चर्चनं त्यांची भाषा तोडली नव्हती. नव्याने आलेल्यांसाठी त्यांच्या भाषेत सभा व्हायच्या. १८७६ पासून सॉल्ट लेक सिटीत 'बिकुबेन' नावाचं डॅनिश वर्तमानपत्र निघत होतं. बिकुबेन म्हणजे मधमाश्यांचं पोळं. तुमच्या हातातल्या या साप्ताहिकासारखंच असणार, दोन भाषांच्या घरातलं. ते १९३५ मध्ये बंद पडलं. कुणी बंदी घातली म्हणून भाषा गेली असं नाही. शेजार एक, सणवार एक, लग्नं आपसात. सगळे इतके एक झाले की वेगळं बोलायचं कारण उरलं नाही.

नावं मात्र त्यांनी जपली आहेत. बाईंनी कपाटातून वंशावळीची वही काढली, सात पिढ्यांची. पूर्वजांची नोंद ठेवणं हे त्यांच्या धर्माचंच काम आहे, त्यासाठी १८९४ मध्ये त्यांनी संस्थाच काढली. आपल्याकडे बैल घेऊन हेळवी दारात येतो आणि पणज्याच्या पणज्याचं नाव सांगतो, तसं. बाईंना माहीत होतं, कोण कोण बोटीत बसलं आणि कोण मागं राहिलं. मागं राहिलेल्यांतली एक जण आई होती. तिच्या नावावर बोट ठेवून बाई पुढे सरकल्या, मी तिथंच थांबले.

हे प्रचारक आपल्याकडेही आले होते, हे मला कुठं ठाऊक होतं! कोपनहेगनमध्ये माणसं शेकड्यांनी दीक्षा घेत होती त्याच काळात, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईला उतरला आणि पुण्याला गेला. गोरे सैनिक, त्यांच्या घरचे, एखाददुसरा इकडचा, अशी मोजून डझनभर माणसं त्याच्याभोवती जमली. लष्कराच्या छावणीत त्याला मज्जाव झाला आणि १८५५ मध्ये तो परत गेला. माझं मत विचाराल तर, पुण्याच्या माणसाला देवापेक्षा बोट जड गेली असेल. चार भावांचं घर, कुलदैवत, जमिनीचा वाटा सोडून जायचं कुठं? आता काळ फिरला आहे. बेंगळुरूत त्यांचं मोठं मंदिर बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं आणि २०२० मध्ये पायाभरणीही झाली. त्यासाठी कुणाला गाव सोडायला लागत नाही. आणि आपली पोरं तर कुठलाही धर्म न बदलता बोटीत, म्हणजे विमानात, बसतातच.

परत आल्यावर अत्तींना घेऊन बैहरच्या बाजारात गेले. इकडे गोंड आणि बैगा लोकांची वस्ती मोठी. एक गोंड बाई मोहाची फुलं मोजून देत होती: उंदी, रंड, मूंड, नालुंग... अत्ती तिच्यासमोर बसल्या आणि सुरू झाल्या: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ती बाई पदराआड हसली. अत्ती तीस वर्षं हे करतात आणि दर वेळी त्यांना तितकाच आनंद होतो. गोंडी कन्नडच्याच कुळातली. हाताला दोघींत 'कय', झाडाला 'मरा'. त्या बाईच्या शेजारी तिची नात बसली होती, शाळेच्या गणवेशात. ती हिशेब हिंदीत करत होती.

त्या रविवारी नातवाचा फोन आला. मी बास्केटबॉलबद्दल विचारलं, तो सांगत राहिला. त्याचा संघ जिंकला होता. मग अत्तींनी मोबाइल ओढून घेतला.

"ओंदु ते हत्तु म्हण बघू."

तो सातपर्यंत गेला, एंटु विसरला.

"मुत्तज्जी, एट इज व्हॉट?"

अत्तींनी सांगितलं. त्यानं पुन्हा म्हटलं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग मला म्हणाल्या, "ती बोटीत न बसलेली आई. तिला कुणी पत्र लिहिलं का गं पुढं?"