फाईल मोठी, मेमरी मोजकी

दहावीचा निकाल लागला की दारव्ह्यातला विद्यार्थी मोबाईलवर डिजिलॉकर उघडतो आणि गुणपत्रिका मागवतो. त्याच वेळी राज्यभरातले हजारो जण तेच करत असतात. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या या सेवेत कागदपत्र देणाऱ्या संस्थेचा सर्व्हर एक्सएमएल मजकुरातून उत्तर पाठवतो, आणि पीडीएफ त्या मजकुराच्या पोटातच असते.

पीडीएफ म्हणजे नुसते बाइट, ते मजकुरात जसेच्या तसे बसत नाहीत. म्हणून बेस-६४ ही पद्धत वापरतात. रोमन लिपीतली लहान-मोठी ५२ अक्षरे, १० अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरकी रेघ अशी ६४ चिन्हे तिला पुरतात. तीन बाइटांची चार चिन्हे होतात, त्यामुळे आकार एक तृतीयांशाने फुगतो. ई-मेलला फाईल जोडता यावी म्हणून १९९२ च्या माइम मानकाने ही पद्धत रुळवली.

एका पानाच्या गुणपत्रिकेला याचा त्रास नाही. पण जुन्या दप्तराच्या स्कॅन केलेल्या ३० एमबीच्या फाईलचा हिशोब पाहा. तिचा मजकूर ४० एमबी होतो. उत्तर घेणाऱ्या सर्व्हरचा प्रोग्राम डॉटनेटवर असेल, तर एका चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणजे मेमरीत ८० एमबी. उलगडलेली फाईल आणखी ३०. एका मागणीला ११० एमबी, तर एकाच वेळी आलेल्या ५० मागण्यांना साडेपाच जीबी. सर्व्हर बसलाच!

यावरचा उपाय दारव्हेकरांना शकुंतला रेल्वेवरून चटकन कळेल. या नॅरोगेजवरून आलेला कापूस मूर्तिजापूरला ब्रॉडगेजवर चढवावा लागे. त्यासाठी अख्खी गाडी फलाटावर ओतावी लागत नसे. एक वाघीण रिकामी करायची, मग दुसरी घ्यायची.

सर्व्हरनेही ८,१९२ चिन्हे घ्यावीत, त्यांचे ६,१४४ बाइट करावेत, ते डिस्कवर लिहावेत आणि तीच जागा पुढच्या तुकड्यासाठी वापरावी. मात्र तुकडा चारच्या पटीतच उलगडायला हवा. नेटवर्कवरून ४,०९७ चिन्हे आली, तर ४,०९६ उलगडून उरलेले एक पुढच्या खेपेसाठी राखावे लागते. मधल्या ओळमोडी आधीच गाळाव्या लागतात. एक्सएमएल वाचणारा घटकही मजकूर तुकड्यांत देणारा हवा. त्याने सगळा मजकूर एकदम हातात ठेवला, तर पुढची काटकसर वाया जाते.

जोडणी मध्येच तुटली तर अर्धी फाईल खरी समजली जाऊ नये, म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहावे आणि पडताळणीनंतरच नाव बदलावे. पडताळणीचा हॅशही तुकड्यातुकड्याने काढता येतो. शिवाय फाईलच्या आकारावर कमाल मर्यादा हवीच.

शक्य असेल तिथे मोठी फाईल मजकुरात कोंबूच नये. मूळ बाइट वेगळ्या भागात पाठवण्यासाठी डब्ल्यू३सी या संस्थेने २००५ मध्ये एमटॉम हे मानक दिले आहे. पण समोरचा सर्व्हर आपल्या ताब्यात नसेल, तर तुकड्यांचाच मार्ग उरतो.

जादा मेमरीच्या खरेदीचा प्रस्ताव पाठवण्याआधी एक चाचणी करावी. एकदा ३ एमबीची आणि एकदा ३०० एमबीची फाईल मागवून मेमरीचा वापर पाहावा. फाईलबरोबर तो आकडाही वाढत असेल, तर दुरुस्ती प्रोग्राममध्ये करावी लागेल.