बोलणे हीसुद्धा सेवाच!



मागच्या वर्षी गणेशोत्सवात आम्हा तिघा मित्रांवर एक जबाबदारी आली. गावाकडच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी मंडळातर्फे निधी जमवायचा होता आणि स्टेजवरून आवाहन आम्ही करायचे होते. आम्ही तिघेही इंजिनियर, ऑफिसात रोज प्रेझेंटेशन देणारे. चाळीस स्लाइड्स बनवल्या, आलेख काढले, खर्च टक्केवारीसकट मांडला. पंचवीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. पण जमले ते जेमतेम एका मुलीच्या वर्षाच्या खर्चाइतके!

जेवणाच्या रांगेत मंडळातले एक काका भेटले. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. म्हणाले, "अरे पोरांनो, बोललात छान. पण कोणासाठी बोललात? त्या मुलींसाठी, की आपल्याला किती माहिती आहे ते दाखवायला?" आम्ही गप्प! मग काकांनी जे समजावले, आणि त्यानंतर आम्ही जे वाचून काढले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात आणि प्रवचनाला 'वचनाची सेवा'. सेवा हा शब्द इथे उगाच आलेला नाही. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात असे सांगितले आहे की प्रत्येकाला मिळालेले कृपादान हे एकमेकांच्या सेवेसाठी आहे, आणि त्यात बोलण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे वक्तृत्व ही आपली मालमत्ता नव्हे, ती दुसऱ्यासाठी सांभाळायची ठेव. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना कसोटीही दिली: ऐकणाऱ्याला कळले का, आणि त्याची उन्नती झाली का? न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे चार-पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात. (आमच्या चाळीस स्लाइड्स आठवून आम्हाला घाम फुटला!)

याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्याच मराठी माणसाचे, आणि तेही इथे अमेरिकेतले. पंडिता रमाबाई! जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरच्या बायकांना संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगत असे, त्यावरच गुजराण. म्हणजे लोकांसमोर बोलणे हे रमाबाईंचे लहानपणापासूनचे पोटापाण्याचे साधन होते. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभाचे, ११ मार्च १८८६. आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून अधिक! गावोगाव व्याख्याने दिली. भाषा अवघ्या काही वर्षांपूर्वी शिकलेली इंग्रजी. विषय एकच, भारतातल्या उच्चवर्णीय विधवांची स्थिती आणि त्यांच्यासाठी शाळा. १८८७ मध्ये याच विषयावर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळे उभी राहिली, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिने शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे ठरवले.

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे त्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. अमेरिकेतल्या सभागृहांत बोललेले शब्द कुठवर पोचले, बघा!

पण वाट सरळ नव्हती, हेही सांगायला हवे. सदनात धर्माची सक्ती नसेल असे वचन दिलेले होते. सदन पुण्याला गेल्यावर, मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून मोठा वाद झाला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कोणाची बाजू बरोबर यावर आजही वाद होतात. आम्ही त्यातून एवढेच घेतले की स्टेजवरून दिलेला शब्द कार्यक्रम संपला म्हणून संपत नाही, लोक तो लक्षात ठेवतात.

काकांच्या नगरचे उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण प्रवचनासाठी परका साचा त्यांनी धरला नाही. आपले कीर्तन घेतले, अभंग घेतले आणि त्यातून ख्रिस्तकथा सांगितली. ऐकणाऱ्याच्या घरात त्याच्याच दाराने शिरायचे! रमाबाईंनीही आयुष्याची शेवटची वर्षे साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली.

असो. हे सगळे ऐकून आम्ही यंदा काय केले?

एक, स्लाइड्स बंद. एका मुलीची गोष्ट सांगितली, तिचे नाव न घेता आणि तिची कीव न करता. शाळा अकरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून एकदा, म्हणून वसतिगृह.

दोन, फक्त सात मिनिटे बोललो. आणि मराठी कमी कळणाऱ्या आपल्या मुलांसाठी दोन मिनिटे इंग्रजीत.

तीन, आधी गेल्या वर्षीच्या पैशाचा हिशोब दिला, मगच हात पुढे केला.

यंदा नऊ मुलींचा वर्षाचा खर्च निघाला. टाळ्या मात्र गेल्या वर्षीपेक्षा कमी पडल्या! आम्ही काकांना तसे म्हटले, तर ते म्हणाले, "टाळ्या तुमच्या, खर्च मुलींचा. आता कळलं ना?"

मंडळी, आपल्यात कितीतरी जण छान बोलतात. दिवाळीच्या कार्यक्रमात कोणासाठी तरी बोलायची इच्छा असेल, तर जरूर पुढे या. भीती वाटत असेल तरीही या. आम्हालाही अजून वाटते!