शिक्क्याची मुदत

कोरेगाव भीमा ओलांडून शिक्रापूरच्या दिशेने निघालेल्या वाटसरूला सणसवाडी आता गाव म्हणून भेटण्यापूर्वी पत्र्याच्या उंच शेडांची, पहारेकऱ्यांच्या खोल्यांची आणि माल उतरवून घेण्यासाठी रस्त्याच्या कडेला ताटकळणाऱ्या कंटेनरांची रांग म्हणून भेटते. आणि या शेडांपैकी कोणत्याही एकीत पाऊल टाकले, तर निदान चार माणसे तरी अशी आढळतात, की ज्यांना सारा कामगारवर्ग ‘इंजिनिअर साहेब’ या एकाच संबोधनाने हाक मारतो. त्यांतील एक पदवीधर असतो, दुसरा पदविकाधारक, तिसरा यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस, तर चौथा केवळ वयाच्या व अनुभवाच्या जोरावर त्या बिरुदास पात्र ठरलेला. संबोधनाच्या या औदार्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु नोंदणीकृत अभियंता आणि त्याने चालू ठेवावयाचे शिक्षण, ज्याला कारखान्यात ‘सीपीडी’ या तीन अक्षरांनी ओळखतात, यांविषयी जे अनेक गैरसमज या परिसरात प्रचलित आहेत, त्यांचे मूळ बव्हंशी याच एका शब्दाच्या ढिलाईत आहे.

पहिला गैरसमज असा, की पदवी हाती पडली म्हणजे मनुष्य आपोआप नोंदणीकृत अभियंता होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा आणि सनदी लेखापालांसाठी १९४९ चा अधिनियम आहे, आणि नोंदवहीत नाव असल्यावाचून त्यांपैकी कोणालाही आपला व्यवसाय त्या नावाने करता येत नाही. परंतु सर्व शाखांच्या अभियंत्यांना एका छत्राखाली आणणारा, नोंदणी सक्तीची करणारा असा कायदा आपल्या देशात अद्याप अमलात आलेला नाही, मसुदे मात्र अनेकदा निघाले. परिणामी आपल्याकडे नोंदणी माणसाची होत नाही, कामाची होते. इमारतीच्या नकाशावर सही करावयाची असेल तर संरचना अभियंत्यास नियोजन प्राधिकरणाचा परवाना लागतो; कारखान्यातील क्रेन, लिफ्ट वा दाबाखालील पात्रे तपासावयाची असतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून मान्यता लागते; आणि ऊर्जेचे परीक्षण करावयाचे तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा दाखला. एकाच गृहस्थाच्या पाकिटात यांपैकी तीन कागद असू शकतात, आणि त्याच्याच शेजारी बसणाऱ्या, त्याच्याइतक्याच हुशार सहकाऱ्याच्या पाकिटात एकही नसतो.

दुसरी समजूत ‘चार्टर्ड इंजिनिअर’ या गोल शिक्क्याभोवती वावरते. बँकेत यंत्राचे मूल्यांकन द्यावयाचे असो वा जुने यंत्र आयात करावयाचे असो, हा शिक्का मागितला जातो, आणि म्हणून लोकांना तो सरकारी वाटतो. वास्तविक ही पदवी देणारी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली, १९३५ साली राजसनद मिळालेली, कोलकात्यात मुख्यालय असलेली व्यावसायिकांची संस्था आहे. तिचे पुण्याचे केंद्र शिवाजीनगरात आहे. ‘चार्टर्ड’ या शब्दातील सनद ती हीच. हा शिक्का त्या माणसाचे शिक्षण व अनुभव अमुक एका दिवशी संस्थेने तपासल्याची साक्ष देतो. त्यानंतर त्याने एकही पुस्तक उघडले की नाही, याविषयी तो मौन पाळतो, आणि शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्या कारखानदाराला या मौनाची जाणीव बहुधा नसते.

आता सीपीडीकडे वळू. ‘ही परदेशी जाणाऱ्यांची भानगड आहे, आपल्याला काय करायची,’ असे उद्गार मी सणसवाडीच्या चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकले आहेत, की त्यांत तथ्यांश किती आहे हे नीट पाहणे अगत्याचे वाटते. तथ्यांश आहे हे आधी कबूल केले पाहिजे. ऑस्ट्रेलियात तेथील अभियंत्यांच्या संस्थेने तीन वर्षांत १५० तासांचा दंडक घातला आहे, त्यांतील किमान ५० तास स्वतःच्या कार्यक्षेत्रातील, १० जोखीम-व्यवस्थापनाचे आणि १५ व्यवसाय व व्यवस्थापनाचे असावेत असे ठरवले आहे. ब्रिटनमध्ये तासांचा आकडा नाही, पण २०१९ पासून जो सभासद वारंवार मागूनही आपल्या अभ्यासाची नोंद सादर करीत नाही त्याचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. भारतातही ज्या अभियंत्यास आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंता म्हणवून घ्यावयाचे असते, त्याला पदवीनंतरची सात वर्षे, त्यांपैकी दोन वर्षे महत्त्वाच्या कामाची जबाबदारी अंगावर घेतल्याची, आणि त्याखेरीज चालू अभ्यासाचा समाधानकारक पुरावा दाखवावा लागतो. परंतु परदेशाशी काडीचा संबंध नसलेले उदाहरण दारातच आहे. प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापकाच्या व ऊर्जा परीक्षकाच्या दाखल्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि उजळणीचा अल्पमुदतीचा वर्ग केल्याखेरीज त्याचे नूतनीकरण होत नाही. याच महाराष्ट्रात डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुण जमवून वैद्यक परिषदेकडील नोंदणी ताजी करावी लागते, आणि त्याबद्दल कोणा रुग्णाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

यापेक्षा अधिक आदरणीय, आणि म्हणूनच अधिक घातक असा गैरसमज म्हणजे, ‘वीस वर्षे शेडच बांधतोय, माझा अनुभव हाच माझा अभ्यास’ हा होय. ज्याने १९९० च्या सुमारास तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि तेव्हापासून या पट्ट्यात पोलादी शेडांचे आराखडे केले, अशा कल्पित परंतु सर्वस्वी संभाव्य गृहस्थाचा विचार करा. तो शिकला तेव्हा पोलादी बांधकामाची भारतीय मानक संहिता, आयएस ८००, ही १९८४ सालची होती, आणि तिचा सारा हिशेब अनुज्ञेय ताणावर उभा होता: पोलादास जितका ताण सोसतो त्याचा ठराविक अंशच द्यावयाचा, बाकीचा राखून ठेवावयाचा. २००७ च्या आवृत्तीने मर्यादा-अवस्थेची पद्धत पुढे आणली, जीत भार व पोलाद यांना निरनिराळे सुरक्षा-गुणक लावून रचना कोसळण्याच्या व निरुपयोगी होण्याच्या अवस्थांचा पृथक् विचार होतो, आणि जुनी पद्धत एका प्रकरणापुरती उरली. वाऱ्याच्या भाराची संहिता १९८७ ची जाऊन २०१५ ची आली. भूकंपाच्या संहितेची २००२ ची आवृत्ती २०१६ मध्ये बदलली. पुण्याचा मूळ वारावेग प्रतिसेकंद ३९ मीटर हा आकडा तोच राहिला, म्हणून आपल्या गृहस्थाला सारे तेच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. बदलले ते त्या आकड्यानंतरचे गणित. रोजच्या कामातून हात सराईत होतो यात शंका नाही, परंतु संहिता बदलल्याची बातमी रोजच्या कामातून येत नाही, ती बाहेरून मिळवावी लागते. दर १५ सप्टेंबरला ज्यांच्या तसबिरीला या कारखान्यांत हार घातला जातो, त्या विश्वेश्वरय्यांनी १८८३ साली पुण्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि नोकरीत स्थिरावल्यावर, १८९८ साली, रजा काढून ते जपान पाहून आले. त्यांच्यावर कोणतीही सीपीडी लादलेली नव्हती, हे हार घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कायद्याचेही तेच. बॉयलरविषयीचा १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला; १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा श्रमसंहितांनी घेतली, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. ज्याच्या दप्तरात अजून जुनी कलमे पाठ केलेल्या वहीचेच पान उघडे असते, त्याची सही कायद्याच्या दृष्टीने नेमकी कशाबद्दल आहे, असा जाब उद्या एखाद्या अपघातानंतर कोणी विचारला तर तो निरुत्तर होईल.

आणि शेवटी, सीपीडी म्हणजे हॉटेलात दोन तास बसून, भोजनोत्तर मिळणारे प्रमाणपत्र फाइलला लावणे, अशी जी थट्टा सर्वत्र चालते, तिच्याविषयी. तसल्या प्रमाणपत्रांचा बाजार आहे, हे नाकारून उपयोग नाही. परंतु कुठल्याही गंभीर व्यवस्थेत वर्ग हा एकच प्रकार धरला जात नाही: नवी संहिता वाचून तिच्यावर टिपण करणे, कनिष्ठास शिकवणे, निबंध लिहिणे, संस्थेच्या समितीत काम करणे हेही त्यात येते, आणि ब्रिटिश पद्धतीत तर आपण काय शिकलो व त्याने आपल्या कामात काय फरक पडला हे स्वतःच लिहून ठेवावे लागते. ही नोंद अभियंत्याची असते, कारखान्याची नव्हे. नोकरी बदलल्यावर ती मनुष्यबळ विभागाच्या कपाटात राहून गेली, म्हणून हळहळणारे तरुण मी पाहिले आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका शेडमध्ये क्रेनची वार्षिक तपासणी चालू असताना मी तेथे होतो. पन्नाशी उलटलेला एक सक्षम व्यक्ती-अभियंता, काम थांबवून, मुख्य स्विच बंद करून, त्याला स्वतःचे कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून, मग शिडीवर चढला. आधी त्याने पोलादी दोराच्या तुटक्या तारा चिंधीने पुसून मोजल्या. नंतर हुकाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंचने मारलेल्या दोन बारीक खुणा शोधून, त्यांतील अंतर कॅलिपरने तीनदा घेतले. फोरमन खालून घाईने म्हणाला, “साहेब, हूक तोच आहे की, मागल्या वर्षी तुम्हीच बघितलेला.”

“हूक तोच आहे हो मामा,” वरून उत्तर आले, “या दोन खुणांत अंतर तेवढंच आहे का, एवढंच बघतोय.”

खाली उतरून त्याने मागील दाखल्यातील आकडा वाचला, आपला आकडा त्याच्याखाली लिहिला, आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर, जेथे नव्या संहितेवरील वर्गाची तारीख व मोबाईल क्रमांक होता, तेथे एक टिचकी मारून वही मिटली.