आधी फरमा, मग चामडं

घरी हाताने बूट शिवायला बसणाऱ्याने पहिला चांगला खर्च फरम्यावर करावा. फरमा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. बूट त्याच्यावरच घडतो. तो चुकला की पुढची सगळी मेहनत पायाला चावते. चवड्याचा घेर दोन्ही पायांचा मोजा, ते क्वचितच सारखे असतात. कमी पडेल तिथे फरम्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून आकार वाढवता येतो.

वरच्या भागाला साधारण 2 मिलिमीटरचं चामडं पुरतं. आतल्या तळव्याला मात्र जाड, झाडाच्या सालीत कमावलेलं हवं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. ओलं असताना ते वाकतं, वाळलं की आकार धरतं. म्हणून ताणून बसवलेला बूट फरम्यावर काही दिवस तसाच राहू द्या.

खरा जीव वेल्टच्या शिवणीत. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी. वाकड्या आरीने भोक पाडायचं, मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं समोरासमोरून काढायची आणि करकचून ओढायची. एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. या पट्टीला शिवलेला बाहेरचा तळ झिजला की तेवढाच उसवून नवा शिवता येतो.

चामडं फरम्यावर ताणायचं यंत्र यान मॅट्झेलिगरने अमेरिकेत 1883 साली पेटंट केलं. घरी ते काम आजही पकड आणि बारीक खिळ्यांवरच होतं.